जिल्हा पाठ करायचा की वाचायचा?



जिल्हा शिकवायचा म्हटलं की आपला साचा ठरलेला असतो: क्षेत्रफळ, लोकसंख्या, मुख्य ठिकाण, पिकं. इतिहास दुसऱ्या तासाला! माझ्या मते या फाळणीत मुलांचं नुकसान होतं. जर्मनीतला एकच जिल्हा बघा, म्हणजे पटेल.

नॉर्डफ्रीसलांड हा जर्मनीच्या अगदी उत्तरेचा, डेन्मार्कला लागून असलेला जिल्हा. मुख्य ठिकाण हुझुम. पश्चिमेला उत्तर समुद्र. भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची विस्तीर्ण किनारपट्टी हे त्याचं वैशिष्ट्य.

इथं नकाशावर पेलवोर्म आणि नॉर्डश्ट्रांड ही नावं वेगवेगळी दिसतात. पण पूर्वी ती श्ट्रांड या एकाच मोठ्या बेटाचा भाग होती. ऑक्टोबर १६३४ मधल्या एका रात्रीच्या वादळी पुरानं बेटाचे तुकडे केले. एकट्या त्या बेटावर सहा हजारांहून जास्त माणसं दगावली. त्याआधी १३६२ च्या पुरात रुंगहोल्ट हे गाव समुद्रानं गिळलं होतं. आता सांगा, हा भूगोल की इतिहास?

सीमेचंही तसंच. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कनं हा प्रदेश गमावला. १९२० मध्ये सार्वमत झालं आणि टोंडर्न जिल्ह्याचे दोन भाग झाले. टोंडर्न शहर डेन्मार्कमध्ये गेलं, जर्मनीत उरलेल्या भागाला ‘दक्षिण टोंडर्न’ म्हणू लागले. १९७० मध्ये तो भाग, हुझुम आणि आयडरश्टेट हे तीन जिल्हे एकत्र करून आजचा जिल्हा बनला. इथं जर्मनसोबत फ्रिसियन आणि डॅनिश भाषाही नांदतात.

काही जण म्हणतील, “पोर्शन कधी संपवायचा?” रास्त प्रश्न आहे. पण त्यासाठी जादा तास नको, प्रश्न बदलला तरी पुरे. ‘पेलवोर्म कोठे आहे?’ याऐवजी ‘पेलवोर्म आणि नॉर्डश्ट्रांड वेगळे का झाले?’ असं विचारा. पहिल्याचं उत्तर मूल घोकतं, दुसऱ्यासाठी त्याला विचार करावा लागतो.

आणि हा धडा अजून संपलेला नाही. या किनाऱ्यालगत हालिग नावाची दहा सखल बेटं आहेत. तिथली घरं माणसांनी रचलेल्या मातीच्या टेकाडांवर असतात. मोठ्या भरतीत सगळं बेट बुडतं, फक्त टेकाडं वर राहतात. समुद्राची पातळी वाढतेय, म्हणून त्यातली काही आता आणखी उंच केली जात आहेत. नकाशा बदलत राहतो, हे कळलेलं मूल उद्या आपल्या गावाचा नकाशाही डोळसपणे बघेल. मार्कांपेक्षा मला ते मोलाचं वाटतं.