खर्जातली घरघर कोणाची?

महागडी वस्तू बिघडते तेव्हा मालक आधी स्वतःवर संशय घेतो. पंख्याची घरघर सुरू झाली की आपण पंख्याला दोष देतो. पण चाळीस-पन्नास हजारांच्या, कधी लाखाच्या हेडफोनमध्ये डग्ग्याच्या घुमाऱ्याबरोबर डाव्या बाजूला बारीकशी घरघर ऐकू आली, तर मनात येते की आपलाच कान गेला असावा, किंवा ध्वनिमुद्रणच तसे असेल. काहीजण याच्या उलट टोकाला जातात. त्यांची आधी नवी वायर येते, मग नवा अॅम्प्लिफायर आणि शेवटी नवा हेडफोनही. घरघर मात्र बऱ्याचदा तिथेच राहते. या दोन्ही वागण्यांत निदानाची पायरी गाळलेली असते. ताप आला म्हणून कोणतेही औषध घ्यायचे नसते, हे आपण मोठ्या कष्टाने शिकलो. यंत्राच्या आणि कानाच्या तक्रारीलाही तोच नियम लागू आहे.

हेडफोनच्या प्रत्येक कपात ज्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात तो भाग असतो. सर्वसाधारण प्रकारात एक पातळ पडदा, त्याला चिकटवलेले बारीक तारेचे वेटोळे आणि ते वेटोळे ज्याच्या अरुंद फटीत मागेपुढे हलते ते चुंबक, एवढाच हा संसार. काही महागड्या प्रकारांत वेटोळ्याऐवजी तारांची नक्षी थेट पडद्यावरच उमटवलेली असते. पडदा हलतो, हवा ढकलली जाते आणि आवाज होतो. उंच स्वरांना पडद्याची हालचाल नगण्य पुरते. खर्जाला ती मोठी लागते. मोकळ्या हवेत तेवढाच आवाज ठेवून स्वर एक सप्तक खाली आणायचा, तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. कानाला घट्ट बसणाऱ्या कपात कोंडलेली हवा मदतीला येते आणि हा हिशेब पुष्कळ सौम्य होतो. पण मागून उघड्या असलेल्या हेडफोनमध्ये, किंवा गादी आणि कान यांच्यामध्ये फट राहिली तर, पडद्याला पुन्हा जास्त राबावे लागते. म्हणूनच यंत्रातला जो काही कच्चा दुवा असेल, तो सर्वात आधी खर्जात उघडा पडतो.

आता ‘आवाज फाटतो’ या एकाच शब्दात आपण दोन वेगळ्या तक्रारी कोंबतो. पहिली म्हणजे खरोखरचे फाटणे. पडद्याला झेपेल त्याहून मोठी हालचाल मागितली, किंवा अॅम्प्लिफायरची ताकद संपली, की लहरीचे माथे छाटले जातात. मग ४० हर्ट्झच्या शुद्ध स्वराबरोबर ८०, १२०, १६० असे न मागितलेले उपस्वर मिसळतात. आवाज जाडाभरडा होतो. दुसरी तक्रार घरघरीची किंवा खुळखुळीची. इथे पडद्याची ताकद संपलेली नसते. हलणाऱ्या भागाला काहीतरी घासत असते, किंवा कुठलातरी सैल भाग त्याच्या तालावर थरथरत असतो. हे ‘काहीतरी’ म्हणजे अनेकदा डोक्यातून गळून जाळीतून आत शिरलेला एखादा केस असतो. कधी धुळीचा किंवा लोखंडाचा कण चुंबकाच्या फटीत अडकतो, कधी वेटोळे किंचित तिरके बसते, कधी डिंक सुटतो, तर कधी नुसता एखादा स्क्रू ढिला असतो.

घासण्यातून आवाज कसा बदलतो, हे मराठी कानाला समजावून सांगायला नको. तंबोऱ्याची जवारी म्हणजे मुद्दाम घडवून आणलेले घासणेच. घोडीचा माथा विशिष्ट गोलाईत तासायचा, तार आणि घोडी यांमध्ये सुताचा धागा सरकवायचा आणि तार प्रत्येक आंदोलनात त्या माथ्याला स्पर्शून जाईल असे बघायचे. मिरजेच्या कारागिरांचे सारे कौशल्य या एका जागेवर पणाला लागते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच गोष्टीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. तार ज्या बिंदूवर छेडली, त्या हिशेबाने जे उपस्वर ऐकू येऊ नयेत, तेही तंबोऱ्यात भरभरून येतात, कारण तार घोडीच्या सपाटीला स्पर्श करत असते. हेडफोनमधला केस नेमके हेच करतो. फरक इतकाच की तंबोऱ्यात ती जवारी हवी असते आणि इथे ती आगंतुक असते.

हा आगंतुक इतका बारीक असूनही एवढा खटकतो, याचे कारण आपल्या कानाच्या रचनेत आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की कान सर्व स्वरांना सारखा न्याय देत नाही. हळू आवाजात ५० हर्ट्झचा स्वर १००० हर्ट्झच्या स्वराइतका मोठा वाटायला हवा असेल, तर त्याची पातळी ३० डेसिबलहून अधिक चढवावी लागते. याउलट २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात कान अतिशय तिखट असतो. पडदा खर्जात हलतो, पण घासण्यातून निघणारे उपस्वर थेट या तिखट पट्ट्यापर्यंत पोचतात. त्यामुळे ऊर्जेच्या हिशेबात क्षुल्लक असलेली घरघर कानाला ठळक ऐकू येते. खोक्यावर छापलेला विरूपणाचा टक्का म्हणूनच अर्धसत्य सांगतो. सौम्य, खालचे उपस्वर टक्का वाढवूनही कानाला फारसे टोचत नाहीत आणि केसाची घरघर टक्क्याच्या दशांशात हरवूनही गाणे नासवते. आकडा चांगला आहे म्हणून तुमचा कान खोटा ठरत नाही.

मग तपासायचे कसे? निदानाचे पहिले सूत्र असे की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिली चाचणी फुकट आहे आणि अर्ध्या मिनिटात होते. चष्मा, कर्णफुले काढा, केस मागे घ्या आणि हेडफोन उलटा घाला, म्हणजे डावा कप उजव्या कानावर येईल. घरघर डाव्या कानातून उजव्या कानात गेली, तर कानाची सुटका झाली. दोष हेडफोनमध्ये किंवा त्याच्या मागे आहे. पण कप बदलूनही घरघर त्याच कानात राहिली, तर हेडफोनची चौकशी तिथेच थांबवा आणि कानाकडे वळा. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

दुसरी चाचणी वायरची. दोन्ही कपांना वेगळी वायर येत असेल तर ती अदलाबदल करून लावा. घरघर दुसऱ्या कपात गेली तर कप निर्दोष आहेत. वायर, अॅम्प्लिफायर किंवा मूळ ध्वनिमुद्रण यांपैकी कोणीतरी गुन्हेगार आहे आणि तो एकेक बदलून सापडेल. घरघर त्याच कपात राहिली तर ड्रायव्हरकडे बोट जाते. वायर सुटी होत नसेल तर फोनऐवजी लॅपटॉप असा स्रोत बदला, आवाज ‘मोनो’ करा, म्हणजे दोन्ही कानांत एकच गोष्ट वाजेल, आणि वायर मुळाशी हलकेच हलवून पाहा.

तिसरी चाचणी स्वराची. गाण्यावर निदान करू नये, कारण गाण्यात जवारी असते, ढोलाचा चामडी खडखडाट असतो आणि हल्ली आवाज चढवण्याच्या हौसेने मुद्रणातच छाटलेल्या लहरीही असतात. त्याऐवजी २० पासून २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा शुद्ध स्वर वाजवा. असा स्वर काढणारी साधने फुकट मिळतात. ठरावीक जागीच, म्हणा ६० ते ७० हर्ट्झच्या दरम्यान, एकाच बाजूने खुळखुळ उठत असेल आणि आवाज कमी केला तरी ती पुरती जात नसेल, तर सैल भाग किंवा केस. फक्त मोठ्या आवाजातच टकटक होत असेल, तर पडदा हालचालीच्या टोकाला आपटतो आहे. दोन्ही बाजूंना सारखाच आवाज फाटत असेल, तर अॅम्प्लिफायर किंवा इक्वलायझर. आणि आवाज फाटत नाही, नुसता पोकळ वाटतो, खर्जच गायब आहे, तर गादी कानाला नीट बसलेली नाही.

इथे एक इशारा आवश्यक आहे. ही चाचणी करण्याआधी बोलण्याचा आवाज सुखद वाटेल एवढी पातळी ठरवा आणि मग ती अजिबात वाढवू नका. २० हर्ट्झ ऐकू येत नाही म्हणून अनेकजण आवाज चढवतात. तो स्वर कानाला मुळातच मंद लागतो. पण स्वर वर सरकला की तोच आवाज कानावर आदळतो, आणि दरम्यान पडद्यालाही इजा झालेली असते.

इक्वलायझरविषयीही थोडे. खर्ज ६ डेसिबलने चढवला की पडद्याला दुप्पट हलावे लागते आणि त्या पट्ट्यात चौपट वीज लागते. शिवाय मूळ मुद्रण आधीच कमाल पातळीला टेकलेले असेल, तर वाढवलेला खर्ज आकड्यांतच छाटला जातो. म्हणून जेवढा खर्ज चढवाल तेवढीच एकूण पातळी खाली आणावी. कित्येक ‘बिघडलेले’ हेडफोन एवढ्यानेच बरे होतात.

आता कान. घरघर किंवा फाटका आवाज एकाच कानाला चिकटून राहत असेल, तर कारण साधे असू शकते. कानातला मळ पडद्याला टेकला, किंवा कापलेल्या केसाचा तुकडा आत पडून राहिला, तरी असा खरखराट होतो. केस हेडफोनच्या पडद्याला छळतो तसाच कानाच्या पडद्यालाही. तो काढायला काडी, पिन, कापसाचा बोळा घालू नये. ते डॉक्टरांचे काम. पण एक शक्यता वेळ न दवडण्याची आहे. एका कानाला अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, कमी ऐकू येऊ लागले, दडा बसल्यासारखे वाटले, स्वर फाटके किंवा दोन कानांत वेगवेगळ्या उंचीचे ऐकू येऊ लागले, सोबत शिटी किंवा चक्कर आली, तर ती आतल्या कानाची तातडीची तक्रार असू शकते. अशा वेळी उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकू परत येण्याची आशा अधिक असते. ‘सर्दीने दडा बसलाय, जाईल’ म्हणत पंधरा दिवस काढणे परवडत नाही. कान, नाक, घसा तज्ज्ञाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गाठावे. हेडफोन उलटा घालण्याच्या अर्ध्या मिनिटाच्या चाचणीचे खरे मोल इथे आहे.

आणि घरघर झाकण्यासाठी आवाज वाढवणे हा तर सर्वात वाईट उपाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकता येतो. त्यानंतर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती जेमतेम ४ तास उरते. हेडफोन बदलता येतो. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

दोष ड्रायव्हरमध्ये ठरला तर पुढे काय? हमीची मुदत चालू असेल तर कप उघडू नका. घरघर ज्या स्वराला होते तो स्वर वाजवा, फोनचा माइक कपाजवळ धरून आवाज नोंदवा आणि तो दुरुस्ती केंद्राला द्या. मुदत संपली असेल तर गादी काढून, तिरक्या उजेडात, जाळीवर किंवा तिच्या आत केस दिसतो का पाहावे. तो दिसल्यास प्लास्टिकच्या किंवा लाकडी चिमट्याने काढावा. लोखंडी चिमटा चुंबकाकडे खेचला जाऊन पडदा फाडतो. व्हॅक्यूम क्लीनर आणि दाबाची हवा यांना तर कपाच्या आसपासही फिरकू देऊ नये.

पण सगळी जबाबदारी ग्राहकाच्या गळ्यात घालून चालणार नाही. दुरुस्ती केंद्रात दोन मिनिटे गाणे लावून ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारला जातो, तेव्हा ती तपासणी नसते, बोळवण असते. चढत्या स्वराची चाचणी करायला काही मिनिटे पुरतात आणि ती केल्याची नोंद पावतीवर यायला हवी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयाला हात घातला, संकेतस्थळही सुरू केले. पण ज्याची गादी, वायर, ड्रायव्हर सुटे मिळत नाहीत, अशा लाखमोलाच्या हेडफोनला तो हक्क प्रत्यक्षात लागू झाला असे कसे म्हणावे? उत्पादकांनी विरूपणाचा आकडा कोणत्या पातळीला आणि कोणत्या स्वराला मोजला हे सांगावे, आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील तेही. तक्रार कोणी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आहेच.

जास्त पैसे मोजले म्हणजे दोष येणार नाही, अशी हमी कोणतीच वस्तू देत नाही. घरघर ऐकू आली तर ती आहे असे धरून चालावे आणि कुठली आहे ते शोधावे. उत्तर कपात सापडले तर दुरुस्तीवाल्याकडे जावे, कानात सापडले तर डॉक्टरकडे.