एआरएम लॅपटॉपवर लिनक्स : एक दुरुस्ती

पेनड्राइव्ह लावला की कोणत्याही लॅपटॉपवर लिनक्स बसते, हे गेल्या अंकातील पत्रातले विधान इंटेल आणि एएमडी प्रोसेसरपुरते बहुतांशी खरे आहे. एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपला ते लागू नाही. इंटेलच्या यंत्रात कोणता भाग कुठे जोडला आहे हे फर्मवेअरच कर्नलला सांगते. एआरएममध्ये ती माहिती बहुधा ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या वेगळ्या फाइलमधून द्यावी लागते, आणि ती प्रत्येक मॉडेलची निराळी. विंडोजवाल्या स्नॅपड्रॅगन लॅपटॉपचीही हीच गत.

अ‍ॅपलच्या एम1, एम2 मॅकबुकसाठी ‘असाही लिनक्स’ प्रकल्पाच्या मंडळींनी कंपनीच्या कागदपत्रांविना ड्रायव्हर लिहिले. त्यातून डिसेंबर 2023 मध्ये ‘फेडोरा असाही रिमिक्स’ हे लिनक्स आले. तेही मॅकओएसच्या टर्मिनलमधून बसते आणि बसताना काही जीबी डाउनलोड होतात. आमच्याकडच्या देवरी-सालेकसाच्या जंगलपट्ट्यातल्या वाचकाने हे काम गोंदिया शहरात, चांगल्या ब्रॉडबँडवर उरकलेले बरे. एआरएम क्रोमबुकवर आधी डेव्हलपर मोड सुरू करावा लागतो. त्यात यंत्रातला सगळा डेटा पुसला जातो. ही सूचना मूळ पत्रात असायलाच हवी होती.

मुंबईच्या रिलायन्स जिओचे 2023 मध्ये 16,499 रुपयांना आलेले जिओबुक मीडियाटेकच्या एआरएम चिपवर चालते. त्याची जिओओएस अँड्रॉइडवर आधारलेली, म्हणजे कर्नल लिनक्सचाच. म्हणून उबुंटू सहज बसेल असे मात्र नाही. बूटलोडर कुलूपबंद असेल तर पुढचे सगळे अडते. खरेदीआधी मॉडेलचे नाव मुख्य कर्नलच्या डिव्हाइस ट्रींत आहे का, ते पाहावे.

— एक वाचक, गोंदिया