रानात हाकला, दारात बोलवा

मैत्रिणींनो, संक्रांत जवळ आली की आपल्या बीडकडच्या रानात मालदांडी दाण्यावर येते. हुरड्याची आवतणं सुरू होतात आणि पाखरांचे थवेही उतरतात. लेकरांच्या हातात गोफण नाहीतर बडवायला डबा देऊन राखणीला पाठवायचं, हे आपल्यातल्या कितीतरी जणींनी केलंय. अशा दिवसांत मी म्हणतेय, लेकरांना घेऊन पाखरांसाठी घरी दाण्याची करवंटी टांगा! आमच्या आत्याबाईंनी तर तोंडावरच विचारलं, “रानात हाणायची आन् दारात जेवू घालायची, ह्यो कुठला न्याय?”

प्रश्न रास्त आहे. वर्षाची ज्वारी दोन एकरांत पिकवणाऱ्या बाईला पाखरांचं कौतुक परवडत नाही. पण चिमणी स्वतः दाणा खाते तरी पिल्लांना अळ्या-किडे भरवते. चीनमध्ये १९५८ साली, चिमण्या धान्य खातात म्हणून लोकांना थाळ्या-डबे बडवायला लावून त्यांचा नायनाट केला. पुढे पिकांवर किडी माजल्या आणि १९६० साली चिमणीला त्या यादीतून वगळावं लागलं. तेव्हा कणसं भरताहेत तोवर रानात जरूर हाकला, पण गावातून तिला घालवू नका.

पूर्वी तिच्यासाठी मुद्दाम काही करावं लागत नव्हतं. माळवदाच्या फटीत तिचं घरटं असायचं, अंगणात सूप पाखडलं की तिचं पोट भरायचं. आता स्लॅब आला, अंगणात फरशी आली. स्लॅब हवाच हो. पावसाळ्यात माळवद गळताना जागोजाग पातेली मांडणाऱ्या बाईला विचारा! म्हणून तर आता मुद्दाम करायचं.

खर्च काहीच नाही. नारळाच्या करवंटीला काठाशी तीन भोकं पाडा. हे काम मोठ्यांनी करायचं. सुतळी ओवणं, गाठी मारणं लेकरांना करू द्या, गाठ वाकडी आली तरी चालेल. पाच-सहा कणसांची जुडी बांधून टांगली तर करवंटीचीही गरज नाही. आत ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी. शेव, फरसाण, खारी बिस्किटं अजिबात नकोत. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा: पेरणीतून उरलेलं, औषध लावलेलं रंगीत बियाणं चुकूनही घालू नका. ते विष आहे, लेकरांच्या हातातसुद्धा देऊ नका.

करवंटी मांजराची उडी पोहोचणार नाही अशा उंचीवर टांगा, पंख्याच्या खोलीत नको. चार दिवसांनी धुऊन वाळवा, बुरशी आलेले दाणे फेकून द्या. आठ-दहा दिवस एकही चिमणी फिरकणार नाही, लेकरं कंटाळतील. जागा मात्र बदलू नका.

शेजारी एखादं लेकरू आजीपाशी राहिलं असेल, आई-बाप ऊसतोडीला गेलेले, तर त्यालाही बोलवा. आणखी एक करवंटी त्याच्या दारात टांगायची. मार्चात ज्वारी निघाली, ऊन तापलं की दाण्याशेजारी पाण्याचं मातीचं परळ ठेवायचं आणि रोज पाणी बदलायचं. हे काम त्यालाच सांगा. तोवर त्याचे आई-बाप परतायचे दिवसही जवळ आलेले असतात.