कंडी कोणाच्या पायांनी चालते?

कोठे अफवेपायी अनर्थ झाला की शहरातले शहाणे लोक एका दमात निकाल देतात: खेडवळ माणूस अडाणी, तो कशावरही विश्वास ठेवतो! हा निकाल आम्हांस मुळीच मान्य नाही. ता. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी कंडी पिकली, तेव्हा दिल्ली-मुंबईच्या देवळांपुढे शिकलेसवरलेले पदवीधरही दूध घेऊन रांगेत उभे होते. मोबाईल तेव्हा गावोगाव पोहोचला नव्हता. तरी एका दिवसात ती गोष्ट देशभर झाली, विलायतेतल्या देवळांतही गेली. चमच्यातले दूध मूर्तीकडे ओढले जाते व पातळ थराने अंगावरून खाली उतरते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध घेऊन दाखविले. ते पाहण्यास रांगा लागल्याचे मात्र आम्ही ऐकले नाही.

मग कंडी इतकी धावते कशी? मालवणच्या रापणकरास हे सांगणे सोपे आहे. जाळ्यातली प्रत्येक गाठ शेजारच्या चार गाठींनाच बांधलेली असते. एका टोकाला हिसका दिला तर तो गाठीगाठीने सरकत जाणार. परंतु त्याच जाळ्याला चार-दोन लांब दोऱ्या आडव्या बांधल्या, तर तोच हिसका मधल्या शेकडो गाठी टाकून एकदम पलीकडे पोहोचेल. अमेरिकेत वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ या संशोधकांनी १९९८ साली गणिताने हेच दाखविले. गोतावळे आपापल्या ठिकाणी कितीही घट्ट विणलेले असोत, थोड्याशा लांब दोऱ्यांनी सारे जग लहान होते.

आमच्या किनाऱ्यावर ही लांब दोरी म्हणजे चाकरमानी. देवबागची बातमी आचऱ्यास जाण्याआधी लालबाग-परळला पोहोचते आणि तेथून उलटी आचऱ्यास येते! शिवाय या दोरीवरून आलेले बोलणे परक्याचे नसते. ‘मुंबयसून झिलान कळवल्यान’ म्हटले की सुतार, कुंभार, गाबीत कोणीही उलट प्रश्न करीत नाही. केला तर पोटच्या पोरावरच अविश्वास दाखविल्यासारखे होते ना! याला अडाणीपणा कसा म्हणावा? ही आपुलकी आहे, आणि कंडी तिच्यावरच पोसते. पोराला कोणी सांगितले? खोलीतल्या सोबत्याने. सोबत्याला कोणी? ते पोरालाही ठाऊक नसते.

ता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाड्यास काय घडले ते आठवा. मुले पळविणारी टोळी फिरते, अशी आवई व्हॉट्सॲपवरून पसरली होती. बाजारच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले. त्यांतले बहुतेक सोलापूरकडचे, मंगळवेढा तालुक्यातले. जमावाने पाचांनाही मारून मारून ठार केले. मारणारे गरीब, मरणारेही गरीब. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल असे बंधन आपल्या देशासाठी जाहीर केले. बंधन बरेच आहे. पण पाचांतला एक जरी लांब दोरीचा निघाला, तरी कंडीचे काम झालेच.

नंदीबैलवाले, गोसावी आमच्याही वाड्यांवर येतात. त्यांच्या ओळखीचे एकही घर गावात नसते. आमच्यापैकी कोणावर आळ आला तर चार सोयरे धावून सांगतील की, हा आमचा माणूस आहे. फिरस्त्याची ग्वाही कोण देणार? त्याच्यापर्यंत कोणाचीच दोरी पोहोचत नाही.

म्हणून चाकरमानी, एस.टी.चे वाहक, मासळीचे व्यापारी, ज्यांचे नाते दूरदूर आहे अशा सर्वांस आमचे सांगणे आहे. निरोप पुढे धाडण्याआधी ‘तू स्वतः पाहिलेस की ऐकलेस, आणि कोणाकडून?’ एवढे विचारा. खोटे ठरल्यास ज्या ज्या घरी कळविले, त्या त्या घरी पुन्हा फोन करा. लाजेपायी हे दुसरे काम कोणी करीत नाही, आणि खोटे तसेच घरोघर राहते. येत्या गणपतीस चाकरमानी गावी आले की वाडीच्या बैठकीत हा विषय काढावा, आणि अनोळखी फिरस्त्याविषयी संशय आला तर त्याच्या अंगावर हात न टाकता आधी पोलीस पाटलास बोलवायचे, हे सर्वांदेखत तेथेच ठरवून टाकावे.