अमेरिकी पक्षशिस्तीची किंमत

इंडियाना हे अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एक परंपरानिष्ठ राज्य. तेथील सिनेटच्या ५० जागांपैकी ४० जागा रिपब्लिकन पक्षाकडे. अशा या सभागृहाने ११ डिसेंबर २०२५ रोजी, खुद्द अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आग्रहाने पुढे रेटलेले मतदारसंघ पुनर्रचनेचे विधेयक ३१ विरुद्ध १९ मतांनी फेटाळून लावले. विरोधी मत देणाऱ्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचे सर्व १० सदस्य होते, हे ओघानेच आले. परंतु त्यांच्या जोडीला २१ रिपब्लिकन सदस्यही होते. विधेयक संमत झाले असते, तर काँग्रेसमधील राज्याच्या ९ जागांपैकी डेमोक्रॅटिक पक्षाकडे असलेल्या दोन जागाही बहुधा रिपब्लिकन पक्षाच्या पदरात पडल्या असत्या. विरोध करणाऱ्यांना पुढील निवडणुकीत घरी बसवण्याची धमकी ट्रम्प यांनी उघडपणे दिली होती. तरीही या २१ जणांनी स्वतःच्या पक्षाच्या हाती येऊ घातलेला लाभ नाकारला.

ही घटना सर्वांना अचंब्याची वाटली, यातच अमेरिकी राजकारणाच्या आजच्या अवस्थेचे निदान आहे. स्वपक्षाविरुद्ध मत देणे ही त्या देशात एके काळी अपूर्वाईची गोष्ट नव्हती. ब्रिटनमध्ये मंत्रिमंडळाचे अस्तित्व सभागृहातील बहुमतावर अवलंबून असल्याने पक्षादेश पाळावा लागतो. आपल्याकडे तर १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीपासून तो मोडणाऱ्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. अमेरिकेत यांपैकी कोणतेही बंधन नाही. अध्यक्ष स्वतंत्रपणे निवडून येतो आणि विधेयक फेटाळले म्हणून त्याचे सरकार कोसळत नाही. म्हणूनच १९६४ साली नागरी हक्कांच्या विधेयकावरील दीर्घ अडवणूक मोडण्यासाठी सिनेटमध्ये मतदान झाले, तेव्हा डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या बाजूने ४४ डेमोक्रॅटिक सदस्यांबरोबर २७ रिपब्लिकन सदस्य उभे राहिले, आणि अडवणूक करणारे बव्हंशी जॉन्सन यांच्याच पक्षाचे दक्षिणेकडील सदस्य होते. हा सैलपणा विद्वानांना त्या काळी दोषच वाटे. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९५० साली अहवाल काढून पक्ष अधिक जबाबदार आणि एकसंध व्हावेत, असा आग्रह धरला होता.

पक्ष आज एकसंध झाले आहेत, पण अपेक्षित होती ती जबाबदारी मात्र आली नाही. आजची शिस्त कार्यक्रमाच्या निष्ठेतून आलेली नसून भयातून आलेली आहे, आणि या भयाचे मूळ प्राथमिक निवडणुकीत आहे. पक्षाचा उमेदवार पक्षाच्या मतदारांनीच ठरवावा, ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनच्या रॉबर्ट ला फॉलेट यांच्यासारख्या सुधारकांनी रुजवली. पक्षातील ठेकेदारांची सद्दी मोडावी, हा त्यांचा हेतू. परंतु ज्या मतदारसंघात एकाच पक्षाचा विजय ठरलेला असतो, तेथे प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक होते. तेथे थोडे आणि कडवे मतदार येतात, आणि त्यांचा कौल फिरवण्याची ताकद ज्या नेत्यापाशी असेल तोच पक्षाचा धनी ठरतो. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने प्रतिनिधिगृहातील १० रिपब्लिकन सदस्यांनी मत दिले. २०२२ च्या निवडणुकीनंतर त्यांपैकी केवळ दोघेच सभागृहात परतले. इतरांना या १० जणांचे उदाहरण पुरेसे होते.

असे निर्धोक मतदारसंघ काही अंशी आपोआप तयार होतात, कारण समविचारी माणसे एकत्र राहू लागतात. परंतु पुष्कळसे ते कागदावर रेघा ओढून तयार केले जातात. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी अशाच एका नकाशावर स्वाक्षरी केली; त्यातील एका मतदारसंघाचा वेडावाकडा आकार सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्याची आठवण करून देणारा होता, म्हणून या विद्येला 'जेरीमँडर' हे नाव पडले. विद्या सोपी आहे. विरोधकांचे मतदार एकाच मतदारसंघात कोंबावयाचे, म्हणजे तेथे त्यांची हजारो मते वाया जातात. नाहीतर त्यांना चार मतदारसंघांत असे विखरून टाकावयाचे, की कोठेही त्यांचे बहुमत होऊ नये. १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने मतदारसंघांची लोकसंख्या समान असली पाहिजे, असा दंडक घातला. परंतु समान लोकसंख्येचे मतदारसंघही हवे तसे वाकवता येतात, आणि संगणकाने तर हे काम घराघरापर्यंत नेमके करून टाकले. २०१९ साली 'रुचो' खटल्यात न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला, की पक्षीय हेतूने आखलेल्या नकाशांचा न्याय करणे हे संघीय न्यायालयांचे काम नव्हे. न्यायालयाने हात झटकले आणि राज्यांना रान मोकळे झाले.

त्याचे फळ २०२५ मध्ये दिसले. दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर व्हावयाची पुनर्रचना टेक्सासने दशकाच्या मध्यावरच काढली, आणि तीही आणखी पाच जागा हव्यात या उघड मागणीसाठी. टेक्सासच्या ३८ जागांपैकी रिपब्लिकन पक्षाकडे २५ जागा होत्या. नवा नकाशा ३० च्या हिशेबाने आखला गेला. वस्तुतः २०२४ मध्ये ट्रम्प यांना त्या राज्यात सुमारे ५६ टक्के मते होती. गणसंख्या मोडावी म्हणून डेमोक्रॅटिक आमदार ऑगस्टमध्ये राज्य सोडून गेले, पण ते किती दिवस बाहेर राहणार? ते परतले आणि नकाशा संमत झाला. मिसूरी आणि नॉर्थ कॅरोलायना ही राज्ये त्याच वाटेने गेली.

डेमोक्रॅटिक पक्षाचे हात या बाबतीत स्वच्छ आहेत असे समजण्याचे कारण नाही. इलिनॉयमध्ये ट्रम्प यांना २०२४ मध्ये ४३ टक्क्यांहून अधिक मते पडली, तरी त्या राज्याच्या १७ जागांपैकी रिपब्लिकन पक्षाच्या वाट्याला तीनच आल्या. कॅलिफोर्नियाने नकाशा आखण्याचा अधिकार राजकारण्यांकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे सोपवला होता. २०१० मध्ये जनतेनेच काँग्रेसचे मतदारसंघ त्याच्या कक्षेत आणले. त्याच जनतेने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी, टेक्सासला उत्तर म्हणून, आयोगाचा नकाशा दशकअखेरपर्यंत बाजूला ठेवण्यास सुमारे ६४ टक्के मतांनी संमती दिली. प्रतिपक्ष नियम मोडत असताना आपणच नियम पाळत बसावे काय, हा गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही. पण दोन्ही बाजूंनी कुंपणे पुढे सरकवली, की मधली वाट नाहीशी होते, आणि त्या वाटेवरून चालणारा सामान्य मतदार दोन्ही राज्यांत निरुपयोगी ठरतो.

येथवरचा भाग जागांच्या हिशेबाचा झाला. त्याची खरी किंमत कोण मोजतो, हे पाहावयाचे तर लोककल्याणाच्या पैशाकडे वळले पाहिजे. मिनेसोटा हे डेमोक्रॅटिक पक्षाच्या सत्तेखालील राज्य. कोविडच्या काळात मुलांना जेवण देण्यासाठी आलेल्या संघीय निधीतून तेथे सुमारे २५ कोटी डॉलर लुटले गेले, असा आरोप सप्टेंबर २०२२ मध्ये ४७ जणांवर ठेवण्यात आला. पुढे आरोपींची संख्या ७० च्या वर गेली. न वाढलेल्या जेवणांची बिले सादर झाली आणि त्या पैशांतून घरे व मोटारी घेतल्या गेल्या. राज्याच्या शिक्षण खात्याची देखरेख अपुरी होती, असा स्पष्ट ठपका विधिमंडळाच्या लेखापरीक्षकाने जून २०२४ मध्ये ठेवला. तरीही २०२४ मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार झालेले गव्हर्नर टिम वॉल्झ यांच्या पक्षात या प्रश्नाचा मोठा गवगवा झाला नाही. प्रतिपक्षाने २०२५ च्या अखेरीस तो हाती घेतला, तेव्हा चौकशी मागे राहिली आणि आरोपींतील बहुसंख्य ज्या सोमाली समाजाचे होते त्या संपूर्ण समाजावरच चिखलफेक सुरू झाली. वॉल्झ यांनी जानेवारी २०२६ मध्ये तिसऱ्यांदा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले.

आता मिसिसिपी पाहू. हे रिपब्लिकन पक्षाच्या सत्तेखालील राज्य. १९९६ साली अध्यक्ष क्लिंटन यांच्या कारकिर्दीत गरीब कुटुंबांच्या रोख साहाय्याचा कायदा बदलला आणि निधी ठोक रकमेने राज्यांच्या स्वाधीन झाला. मिसिसिपीत तीन माणसांच्या गरजू कुटुंबाला २०२१ पर्यंत महिन्याला १७० डॉलर मिळत. त्याच राज्यात या निधीतील किमान ७ कोटी ७० लाख डॉलर भलतीकडे वळवले गेले. त्यातील सुमारे ५० लाख एका विद्यापीठातील व्हॉलीबॉलच्या क्रीडागृहासाठी. राज्याच्या मानवसेवा खात्याच्या माजी संचालकाने २०२२ मध्ये गुन्हा कबूल केला. या प्रकरणावरून वॉशिंग्टनमधील रिपब्लिकन नेत्यांनी कधी आकाशपाताळ एक केल्याचे दिसले नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय सर्वत्र सारखाच.

या दोन्ही प्रकरणांत चोरी तिजोरी आणि ताट यांच्या मधल्या जागेत झाली आहे. मिनेसोटात ती संस्थाचालकांनी केली, मिसिसिपीत अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या मर्जीतल्यांनी. उपाशी मुलाने किंवा १७० डॉलरवर महिना काढणाऱ्या आईने ती केलेली नाही. परंतु अमेरिकी राजकारणात लबाडीचे चित्र नेहमी याचकाचेच रंगवले जाते. रोनाल्ड रीगन १९७६ साली अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी हिंडत असता, अनेक नावांनी सरकारी मदत उकळून वर्षाला दीड लाख डॉलर मिळवणाऱ्या शिकागोच्या एका बाईची कथा सांगत. ती बाई काल्पनिक नव्हती. मात्र १९७७ मध्ये तिच्यावर जो मदतनिधीच्या फसवणुकीचा गुन्हा शाबीत झाला, त्यातील रक्कम सुमारे ८ हजार डॉलर होती. त्या एका बाईची सावली पुढे लक्षावधी गरिबांवर पडली.

ती अजूनही हललेली नाही. ४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांची स्वाक्षरी झालेल्या प्रचंड कर व खर्च कायद्याने, गैरव्यवहार आणि उधळपट्टी रोखण्याच्या नावाखाली, गरिबांच्या मेडिकेड या आरोग्ययोजनेला कात्री लावली आणि अनेक लाभार्थ्यांवर महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा देण्याची अट घातली. या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी माणसे विम्यावाचून राहतील, असा काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे ते हेच. सिनेटमध्ये या विधेयकावर ५० विरुद्ध ५० अशी बरोबरी होऊन ते उपाध्यक्षांच्या मताने तरले. नॉर्थ कॅरोलायनाचे रिपब्लिकन सिनेटर टॉम टिलिस यांनी मेडिकेडच्या कपातीमुळे त्याला विरोध केला. ट्रम्प यांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभा करण्याची भाषा करताच, दुसऱ्याच दिवशी टिलिस यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले.

नकाशा, पक्षशिस्त आणि गरिबांचा निधी हे तीन निरनिराळे वाद नाहीत, हे यावरून ध्यानात यावे. ज्याला विरोधी मतदाराची भीती उरलेली नाही, त्याला स्वपक्षाच्या राज्यातील चोरीवर बोट ठेवण्याचे कारणही उरत नाही. निर्धोक जागेवर बसलेला प्रतिनिधी गैरव्यवहाराकडे शस्त्र म्हणून पाहतो, दुरुस्तीचा विषय म्हणून नव्हे. आणि शस्त्र नेहमी समोरच्यावरच चालवायचे असते.

उपाय अज्ञात नाहीत. काँग्रेसच्या निवडणुकांचे नियम बदलण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिलाच आहे. सर्व राज्यांत स्वतंत्र आयोगांनी नकाशे आखावेत, अशी तरतूद असलेले विधेयक प्रतिनिधिगृहाने मार्च २०२१ मध्ये संमत केले होते. सिनेटमध्ये ते रिपब्लिकन पक्षाच्या एकजुटीपुढे अडले. आपल्याकडे ही आखणी परिसीमन आयोगाकडे दिली जाते आणि २००२ च्या कायद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या आजी वा माजी न्यायाधीशाला त्याच्या अध्यक्षस्थानी बसवले. या व्यवस्थेतही वाद होतात. परंतु खेळाडूनेच मैदानाच्या रेघा मारू नयेत, हे तत्त्व तिने निदान मान्य केले आहे.

तोवर भिस्त आहे ती अशा संस्थांवर आणि माणसांवर, की जी आपल्याच घराची झडती घेतात. मिसिसिपीचा गैरव्यवहार उघडकीस आणणारे लेखापरीक्षक शॅड व्हाइट हे स्वतः रिपब्लिकन आहेत, आणि त्याचा माग सोडला नाही म्हणून 'मिसिसिपी टुडे' या स्थानिक वृत्तसंस्थेला २०२३ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. इंडियानातील २१ सिनेटर याच पंक्तीत बसतात. स्वतःच्या नेत्याला 'नाही' म्हणणारा प्रतिनिधी पक्ष दुबळा करतो, असे पक्षाचे धनी म्हणतील. वस्तुतः तो 'नाही' म्हणू शकतो, तेवढ्यापुरतेच त्याच्या 'होय'ला मोल राहते.