केंद्रे निघतील, डॉक्टर कोठून आणणार?

देशातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तीन वर्षांच्या आत कर्करोगाचे दिवसभराचे उपचार देणारी केंद्रे उघडण्याचा, आणि त्यांपैकी २०० केंद्रे पहिल्याच वर्षी उभारण्याचा संकल्प केंद्र सरकारने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात सोडला. संकल्प स्तुत्य आहे. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १४ लाख लोकांना कर्करोगाने नव्याने ग्रासले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेचा अंदाज आहे. गडचिरोलीच्या वा नंदुरबारच्या रुग्णाने औषधाच्या प्रत्येक फेरीसाठी मुंबईची वाट धरावी आणि परळच्या पदपथावर मुक्काम करावा, ही स्थिती कोणत्याही सुसंस्कृत राज्याला शोभणारी नाही. परंतु चार खाटा मांडल्या आणि दारावर पाटी लावली म्हणजे केंद्र झाले, असे नव्हे. त्या खाटेशेजारी कोणता डॉक्टर उभा राहणार, हा खरा प्रश्न आहे.

इमारत वर्षा-दोन वर्षांत उभी राहते. यंत्र निविदा काढून आणता येते. डॉक्टर मात्र निविदेने मिळत नाही. एम. बी. बी. एस.ची साडेचार वर्षे, आंतरवासितेचे एक, एम. डी.ची तीन आणि डी. एम.ची आणखी तीन, असा हा हिशेब आहे. आज वैद्यकीय महाविद्यालयात पाऊल टाकणारा विद्यार्थी कोठेही न अडखळता पुढे गेला, तरी रक्तरोगांचा वा कर्करोगाचा तज्ज्ञ होण्यास त्याला साडेअकरा वर्षे लागतात. या शिक्षणाच्या बहुतेक जागा मोठ्या शहरांतील संस्थांत आहेत, आणि जेथे तो शिकतो तेथेच तो बहुधा स्थिरावतो.

शिक्षणाचे मोल काय असते, हे मुंबईला निराळे सांगावयास नको. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशात निवर्तल्या. त्यांच्या स्मरणातून १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. सिएटल येथे डॉ. डॉनल थॉमस यांच्या पथकाकडे अस्थिमज्जारोपणाचे शिक्षण घेऊन आलेल्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली याच रुग्णालयात देशातील पहिले यशस्वी रोपण केले. येथील डॉक्टर आणि पवईच्या आय. आय. टी.तील संशोधक यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या पेशी-उपचाराला २०२३ साली सरकारी मान्यता मिळाली. एक माणूस शिकून परततो आणि त्याच्या हाताखाली पिढ्या शिकतात. ही परंपरा परळपर्यंतच का थांबावी?

जिल्ह्यात तज्ज्ञाची गरजच काय, औषधांची यादी शहरातून पाठवून दिली म्हणजे झाले, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांनी रोगाचे स्वरूप ध्यानात घ्यावे. कर्कपेशींना मारणारे औषध रक्तातील पांढऱ्या पेशीही मारते; आठ-दहा दिवसांनी ताप भरतो, आणि त्या वेळी तासाभरात शिरेतून प्रतिजैविक दिले नाही तर रोगातून वाचणारा रुग्ण तापाने जातो. रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार असा आहे की, त्यात जीवनसत्त्व 'अ'चे एक रूप आणि चक्क सोमल, या दोन औषधांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. परंतु निदान चार दिवस लांबले तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस दगावतो. रक्ताच्या थेंबाची काच सूक्ष्मदर्शकाखाली वाचणारा डोळा त्या चार दिवसांत जवळ असावा लागतो. विदर्भातील आणि खानदेशातील आदिवासींना पिढ्यान्‌पिढ्या छळणाऱ्या सिकलसेलची गोष्ट हीच आहे. त्या रोगावरील मुख्य औषध रक्ताच्या काही कर्करोगांतही वापरले जाते. म्हणूनच अमेरिकेत रक्तरोग आणि कर्करोग यांचे शिक्षण बहुधा एकत्र दिले जाते; आपण मात्र दोन पदव्यांची दोन दालने केली आहेत. जिल्ह्याच्या रुग्णालयात येणारा रुग्ण अशी वाटणी करून येत नाही.

आमची सूचना साधी आहे. एम. डी.च्या विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे, असा नियम आज आहेच. तोच डी. एम.च्या दोन्ही शाखांना लावावा, आणि त्यांना नव्या केंद्रांत पाठवावे. त्याच वेळी जिल्ह्यांतील एम. डी. झालेल्या डॉक्टरांसाठी एक वर्षाची पगारी फेलोशिप मोठ्या रुग्णालयांनी सुरू करावी. तिच्यात रक्त आणि कर्करोग हे दोन्ही विषय असावेत, आणि परतल्यावर त्या डॉक्टराचा आपल्या गुरूंशी रोजचा संबंध राहावा. आधीच अपुऱ्या पडणाऱ्या तीन वर्षांतून तीन महिने कापणे विद्यार्थ्यावर अन्याय आहे, हा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाही. पण अवघड रोपण पाहून शिकण्याइतकेच, साधने तोकडी असताना निर्णय घेण्यास शिकणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. मात्र त्यांना तेथे एकटे सोडू नये. राहण्यास घर, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आणि कपाटात औषधे, एवढे तरी शासनाने दिलेच पाहिजे.

केंद्रांच्या उद्‌घाटनाच्या तारखा ठरतील, फिती कापल्या जातील. या वर्षी किती डॉक्टर शिकावयास पाठविले आणि त्यांपैकी किती जिल्ह्यांत परतले, हा आकडा सरकारने दर वर्षी विधिमंडळापुढे ठेवावा. संकल्पाची परीक्षा त्या आकड्यावर होईल.