खर्ज हवा, गोंगाट नको
जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा धीरगंभीर ठोका मुळात इंजिनातूनच येतो: ३४६ सीसी, ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील. सायलेन्सरमधलं बॅफल काढून टाकलं की आवाज खोल होत नाही, नुसता फुटतो. खर्ज हवा असेल तर लांब, पोटाला मोठा सायलेन्सर बसवा. आतल्या सच्छिद्र नळीभोवती नीट भरलेली ग्लासवूल वरचे कर्कश स्वर शोषून घेते. मग कार्बोरेटरचा मेन जेट तपासा. प्लग पांढरा पडत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. आवाजाची मर्यादा मोडणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली गुन्हा आहेच. पण दवाखान्यासमोरून जाताना जिचा ठोका कुणाला दचकवत नाही, तीच बुलेट खरी राखलेली, असं मी मानतो.